आजी, तुझ्या आईची लढाई सांग

लंडन

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

गडहिंग्लजला गेल्यापासून तुझा खोकला कमी आहे, असं काका म्हणाले. सुगी होईपर्यंत तिथंच राहा, बेळगुंदीला परतायची घाई करू नको.

आमच्या वृद्धाश्रमात शंभरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. रात्रपाळीत बघते तर पांघरुणावर त्यांचा उजवा हात सावकाश गोल फिरत असतो. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "विमान धरतेय."

लंडनच्या गोदीजवळच्या गल्लीत त्या वाढल्या. ७ सप्टेंबर १९४० ला, शनिवारी दिवसाउजेडी जर्मन विमानं आली. गोदीतली लाकडं, साखर सगळं पेटलं. त्याच जाळाच्या उजेडात रात्री पुन्हा बाँब पडले. त्यांच्या शेजारचं घर गेलं. सकाळी वीट-मातीत त्यांना पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जाणारी शेजारणीची पोर दिसली नाही, एवढंच त्या सांगतात. त्यापुढं बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये सरकारनं कायदा करून अविवाहित मुलींनाही सेवेत बोलावलं. या त्याआधीच भरती झाल्या होत्या. विमानविरोधी तोफांच्या तुकडीत एका यंत्रापुढं उभं राहायचं, तबकडीवरचा काटा हलला की चाक फिरवून दुसरा काटा त्याच्याशी जुळवत राहायचा. त्यावरून विमान पुढं कुठं असेल ते ठरायचं आणि तोफ तिकडं वळायची. वरून बाँब पडत असले तरी चाकावरचा हात काढायचा नाही. पण तोफ डागायची ती पुरुषांनीच, मुलींना परवानगी नव्हती. पगार पुरुषांच्या दोन तृतीयांश. मला याचा फार राग येतो, आजी. १९४४ च्या उन्हाळ्यात बिनवैमानिकाचे उडते बाँब यायला लागले. घरघर थांबली की तो खाली येणार, हे पोराबाळांनाही कळायचं.

मी त्यांना तुझ्या बाबांचं सांगितलं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला ती त्यांचीच पलटण. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्यांची बायको?"

मला काहीच सांगता आलं नाही. आपल्या सोप्यात बाबांचा फोटो आहे, पदकं आहेत, त्यांच्या गोष्टी तर मला तोंडपाठ. तुझ्या आईनं ती वर्षं कशी काढली? रोपलावणीला गडी कुठून आणले? मनिऑर्डर वेळेवर यायची का? गावात कुणाच्या दारी तार आली की ती काय करायची? तू तेव्हा लहान होतीस, तरी पुढं तिनं तुला काहीतरी सांगितलंच असेल.

रविवारी धाकट्याला फोनवर रेकॉर्ड करायला सांगितलंय. सुचेल तसं बोल, मागचं-पुढं झालं तरी चालेल. तिचं माहेरचं नावही सांग, मला तेही माहीत नाही.

काका-काकूंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी नात