बंदुकीचा परवाना आणि भावकीचे भांडण

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शेतकरी आहे. वडिलांच्या पश्चात पीक संरक्षणाच्या परवान्यावरील एकनळी बंदूक माझ्या नावावर झाली. रानडुकरांना पिटाळण्यासाठी क्वचित बार काढायचा, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करून निकालानंतर परत आणायची, एवढाच तिचा उपयोग. गेल्या मे महिन्यात मात्र तिची आठवण भलत्याच प्रसंगी झाली, म्हणून हे पत्र.

मुंबईहून आलेला माझा धाकटा भाऊ आणि आमचा चुलत भाऊ यांच्यात, बागेकडे जाणाऱ्या वाटेवर घातलेल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, जुंपली. पहिली शिवी आमच्या बाजूने गेली आणि गडग्याचे चिरेही माझ्याच भावाने ढकलले, हे मान्य केले पाहिजे. तेवढ्यात चुलत भावाचा मुलगा, जो बाजूलाच झाडाच्या फांद्या तोडत होता, हातातल्या कोयत्यासह धावत आला. माझ्या मागून कोणीतरी म्हणाले, "दादा, बंदूक काड भायर." सख्ख्या भावासमोर कोयता दिसत असताना ते मला क्षणभर पटलेही, हे लपवत नाही.

घरात न जाता मी भावाला दंडाला धरून मागे खेचले आणि त्याचे तोंड आमच्या अंगणाकडे वळवले. पुतण्याला नावाने हाक मारून, "आम्ही जातो आहोत, तू तिथेच थांब," एवढेच सांगितले. वाट कोणाची, हा विषय मी मुद्दाम काढला नाही. त्या वेळी सात-बारा कोणाच्याच डोक्यात शिरला नसता. पत्नीने तोवर ११२ ला फोन लावला होता. पोलीस येईपर्यंत अर्धे भांडण विरले होते. भाऊ मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी भित्रा ठरलो, असे त्याचे मत होते.

त्यानंतर मी वकील मित्राकडून कायदा समजून घेतला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, आणि कलम ३५ नुसार तो केवळ स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या बचावासाठी वापरता येतो. मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असल्यास, कलम ३८ नुसार हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात शेतजमिनीच्या वादात वडिलांवर वार झाल्यावर मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली होती. कनिष्ठ न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि अखेर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचावच होता असे मानले. हल्ला होत असताना माणसाने तराजू घेऊन बचाव मोजावा अशी अपेक्षा कायदा करत नाही, आणि पळून जाण्याची सक्तीही करत नाही. तेव्हा भावाच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही, असे नाही.

परंतु ज्यांच्या मागे आपण उभे राहतो त्यांनीच कळ काढली असेल, तर हा हक्क फार क्षीण होतो, ही गोष्ट कोणी सांगत नाही. स्वतः भांडण उकरून काढून मग बचावाची ढाल पुढे करता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असल्यास कलम ३७ नुसार हक्कच उरत नाही, बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि धोका टळला की हक्कही संपतो. शिवाय बचावाची परिस्थिती होती हे दाखवण्याचा भार आरोपीवरच येतो. आमच्या अंगणात बंदूक निघाली असती, तर चिरे कोणी ढकलले याची साक्ष निम्म्या वाडीने दिली असती. आपल्या माणसाला भांडणातून ओढून काढल्यानंतरही समोरचा अंगावर आलाच, तर त्या क्षणी घेतलेला निर्णय कायद्यापुढे कितीतरी भक्कम उभा राहतो, असे माझे मत आहे.

वाटेबाबत आम्ही मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज केला आहे. तो मे महिन्याच्या आधीच करायला हवा होता.

शासनाला एकच विनंती आहे. परवाना नूतनीकरणाच्या वेळी माझी कागदपत्रे तपासली गेली, परंतु ती बंदूक माणसावर कधी रोखता येते आणि कधी नाही, याविषयी मला कोणी अवाक्षर सांगितले नाही. या अकरा कलमांचा सोप्या मराठीतील एक कागद प्रत्येक परवानाधारकाला द्यावा, आणि तो घरातल्या सर्वांसमोर वाचून दाखवण्यास सांगावे, कारण "बंदूक काढ" म्हणणारा बहुधा परवानाधारक नसतो.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी, सिंधुदुर्ग