मनोरुग्णालयात दाखल केलेल्या मुलाला कुणीतरी एकट्याने भेटा

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

अठरा वर्षांखालच्या मुलाला मनोरुग्णालयात दाखल करताना त्याची सही लागत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 87 प्रमाणे अर्ज पालक करतात. उपचारांना संमती तेच देतात. वॉर्डात मुलाजवळ सतत तेच किंवा त्यांनी नेमलेलं माणूस असतं. घरी न्यायचं तर शब्द त्यांचाच. बहुतेक आईबाप सगळे उपाय करून थकल्यावर, पोराच्या काळजीने खचून तिथे येतात. त्यांच्यासाठी ही रचना योग्यच आहे.

पण जिला घरातच मारहाण होते, किंवा जिचं प्रेम घरच्यांना मान्य नाही म्हणून जिला वेडी ठरवलं जातं, त्या मुलीने कुणाकडे बघायचं? समाजाच्या नीतिकल्पनांशी पटत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं कलम 3 बजावतं. दोन जणांनी, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासायचं, मुलाची इच्छा विचारात घ्यायची, दाखल केल्यावर 72 तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाला, रुग्णालयाने कळवायचं, हेही कायद्यात आहे. मात्र मंडळाला फेरतपासणी बंधनकारक होते ती मुक्काम 30 दिवसांवर गेला की. तेव्हाही कागदपत्रं पाहिली तरी चालतं. मुलाशी बोलणं गरज वाटली तरच. शाळकरी मुलासाठी महिना फार मोठा असतो.

त्याआधी मंडळाकडे दाद मागता येते, फी नाही, निकाल सात दिवसांत द्यायचा आहे. मोफत वकील मिळतो आणि हे रुग्णाला सांगणं प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं कलम 27 म्हणतं. पण तेरा वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत, पालक खोलीबाहेर असताना, हे सांगायचं कुणी? पालक मुलाच्या हिताचे नाहीत असं दिसलं तर कलम 15 खाली अर्ज आल्यावर मंडळ त्यांच्याऐवजी मुलाच्या वतीने निर्णय घेणारा दुसरा प्रतिनिधी नेमू शकतं. मुलाला कुणी विचारलंच नाही, तर तो अर्ज मंडळापर्यंत जाणार कसा?

कायदा बदलायची गरज नाही. मुलाला भेटण्याचा अधिकार मंडळाला आजही आहे. मूल दाखल झाल्याची सूचना मिळाल्यापासून आठवड्याच्या आत मंडळाच्या एका सदस्याने पालक जवळ नसताना मुलाशी एकट्याने बोलावं आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याला भेटावा, अशी कार्यपद्धती आपण ठरवून द्या. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं आपल्याच खात्याची आहेत. तिथे सुरुवात लगेच होऊ शकते. खासगी रुग्णालयांनाही तोच नियम लागू करा, कारण तिथे बाहेरच्या माणसाची नजर आणखी कमी पोचते.

आपली,
बालहक्कांसाठी काम करणारी एक वकील