मिस्त्रीमामा, आधी पट्टा बघायला शिकवलंत

ती. मिस्त्रीमामांना,
सा. न. वि. वि.

सुऱ्या घासायचं बेल्ट ग्राइंडर, म्हणजे खरखरीत पट्टा फिरवणारं मशीन, कसं निवडायचं ते तुम्ही शिकवलंत. त्याचे समोर बसून आभार मानले असते, तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून हात झटकला असता आणि पोराला चहा आणायला पिटाळलं असतं. म्हणून पत्र लिहितेय. तेही सगळ्यांना वाचता येईल असं, कारण घरी सुऱ्या करायची हौस असलेले बरेच जण आहेत आणि शेजारी बसून शिकवणारं माणूस प्रत्येकाला मिळत नाही.

उद्यमनगरात तुमच्या पॅटर्न शॉपच्या, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने घडवायच्या कारखान्याच्या, दारात मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा माझ्या पिशवीत एक बिघडलेलं पातं होतं. ट्रकच्या पाट्याचा तुकडा कापून, दोन महिने रविवारचे खर्चून केलेलं. पोलाद कडक व्हावं म्हणून भट्टीत तापवून तेलात बुडवलं होतं. (तेलात बुडवलं तरी आपण त्याला 'पाणी देणं'च म्हणतो, हे मला फार आवडतं.) मग ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून घरच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास ठेवलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. शेवटची धार काढायला मी हँड ग्राइंडरला लावायचं एक स्वस्त बेल्टचं जोडकाम घेतलं होतं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्या मारतो. पातं टेकवलं, ठिणग्या उडाल्या आणि टोकाचा अर्धा इंच निळा झाला.

तुम्ही ते पातं हातात घेतलंत, उजेडाकडे धरलंत आणि काही न बोलता कानस उचललीत. आधी मुठीजवळच्या भागावर फिरवली, तर ती काचेवरून घसरावी तशी सरकली. मग निळ्या टोकावर फिरवली. कर्र आवाज झाला आणि बारीक कीस तुमच्या बोटावर आला. "बघ, इथं कानस धरली. पाणी उतरलं." म्हणजे टोकाचा कडकपणा गेला. पोलाद निळं पडतं ते साधारण 300 अंशांच्या आसपास, म्हणजे ओव्हनमध्ये दिलेल्या तापापेक्षा शंभरेक अंश वर, आणि पातळ टोकाला तिथं पोचायला एखाद-दुसरा सेकंद पुरतो. हे मी वाचलं होतं. कळलं मात्र त्या आवाजामुळे.

मी विचारायला आले होते, 'कुठलं मशीन घेऊ?' मनात 2 बाय 72 इंची होतं, म्हणजे दोन इंच रुंद आणि 72 इंच लांब पट्ट्याचं. मोठी चाकं, दीड-दोन एचपीची मोटर, वेग कमी-जास्त करायची सोय. बजेट होतं आठ हजारांचं. कर्ज काढायचा विचारही मनात येऊन गेला होता. तुम्ही उलट विचारलंत, "पट्टे कुठनं आणणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. मशीन एकदा घ्यायचं, पट्टे जन्मभर. दुकानात स्वस्त मशीन दिसतं, त्याच्यासोबत एक पट्टा येतो, तो महिन्यात झिजतो आणि त्या मापाचा दुसरा मिळत नाही, की मशीन कोपऱ्यात जातं. मग तुम्हीच मला त्या अ‍ॅब्रेसिव्हच्या दुकानात नेलंत, जिथे खरखरीत कापडाच्या रोलमधून कापून हव्या त्या मापाचा पट्टा जोडून देतात. तिथे तुम्ही नवा पट्टा बोटांत धरून जोडावरून अंगठा फिरवलात आणि माझाही फिरवायला लावलात. जोड तिरका हवा आणि बाकीच्या पट्ट्याइतकाच पातळ. जाड राहिला तर तो दर फेरीला पात्याखाली टक् टक् करत जातो आणि पात्यावर लाटा उमटतात. पट्ट्याच्या पाठीवरचा बाणही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. उलटा चढवला तर जोड उकलू शकतो.

शेवटी 1 बाय 30 इंची घ्यायचं ठरलं. माझ्या सुऱ्या स्वयंपाकघरातल्या, चार-पाच इंची पात्याच्या, आणि जागा गच्चीवरच्या पत्र्याखालची. 4 बाय 36 इंची, शेजारी चकती असलेलंही आपण पाहिलं होतं. मुठीच्या लाकडी फळ्या सपाट करायला ते छान, पण छोट्या पात्याचा उतार काढताना, म्हणजे ते धारेकडे निमुळतं करताना, चार इंची पट्ट्याची कड सांभाळणं मला जमत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "लाकूड हातानं घास, पोलादापुरतं मशीन घे." माझ्यासाठी तेच बरोबर होतं.

दुकानात तुम्ही काय केलंत ते सविस्तर लिहिते, कारण मी एकटी असते तर रंग आणि डबा बघून घरी आले असते. मशीन बंद असताना तुम्ही पट्ट्यामागच्या पाठीच्या पट्टीवर अंगठा दाबलात. ती लवली. मग खिशातली स्टीलची पट्टी तिच्यावर उभी टेकवून मला वाकून बघायला सांगितलंत. मधून उजेड दिसत होता. दुसऱ्या मशीनची पट्टी सरळ निघाली. मोटर चालू करून बंद केलीत आणि चाक थांबेपर्यंत त्याची कड बघत राहिलात, डुगडुगतंय का म्हणून. लाकडाचा तुकडा जोर लावून दाबलात, पट्टा घसरतो की मोटर दमते ते ऐकायला. पट्टा डावी-उजवीकडे सरकवायचा नॉब दोनदा फिरवून पट्टा जागेवर राहतो का तेही पाहिलंत. पाच मिनिटांचं काम. दुकानदारानेही एका शब्दाने अडवलं नाही, त्यांचेही आभार.

बिलाच्या पाठीवर तुम्ही केलेला हिशेब मी अजून जपून ठेवलाय. चाक 100 मिमी, म्हणजे एका फेरीला पट्टा 314 मिमी पुढे जातो. मोटर 2800 फेऱ्यांची, तर मिनिटाला जवळपास 880 मीटर. मग तुम्ही त्याला पट्ट्याच्या लांबीने भागलंत. 30 इंची पट्ट्यावरचा एकच कण मिनिटाला साडेअकराशे वेळा पात्यावर येतो. 72 इंचीवर तोच, याच वेगाला, 480 वेळा. छोटा पट्टा लवकर तापतो आणि लवकर बोथट होतो तो यामुळे, आणि बोथट पट्टा कापायचं सोडून नुसता तापवतो. 1400 ची मोटर असती तर वेग निम्म्यावर आला असता, पण त्या दुकानात ती नव्हती. म्हणून तुम्ही नियम घालून दिलात : एक फेरी, एक बुडी. पातं एकदा मुठीपासून टोकापर्यंत ओढायचं आणि लगेच बादलीत. आणि आठ हजारांतले जे वाचले, त्याचे पट्टेच घ्यायला लावलेत. पाणी देण्याआधी आकार काढायला 60 चे, मग 120, मग 240 (आकडा मोठा, तितके पट्ट्यावरचे कण बारीक). पुढचं हाताने, 400 च्या एमरी पेपरवर.

हातमोजे तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलेत, तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं. कापडाचं टोक पट्ट्यात गेलं तर बोट ओढलं जातं, हे एक. आणि उघड्या बोटांना चटका बसतो तेव्हाच कळतं की पातं पाण्यात घालायची वेळ टळत चाललीय. चष्मा आणि मास्क मात्र लावल्याशिवाय स्विचला हात लावू दिला नाहीत. लाकडाचा भुसा झाडून काढल्याशिवाय पोलाद टेकवायचं नाही, ठिणगी भुशात धुमसत राहते, हे तुम्ही तीन वेळा सांगितलंत. मी तिन्ही वेळा ऐकलं. पट्ट्याखाली पाण्याचा ट्रे कायम असतो.

मामा, तुम्ही चाळीस वर्षं ओतकामाचे लाकडी पॅटर्न घडवलेत. तुमच्या मोकळ्या वेळातला एक रविवार आणि दोन संध्याकाळी तुम्ही बँकेत काम करणाऱ्या, ना नात्यातल्या ना धंद्यातल्या बाईसाठी घालवल्यात. एक रुपया घेतला नाहीत. पाठीच्या पट्टीवर बसवायला 6 मिमीचा सपाट तुकडा घासून दिलात, त्याचेही नाही. हे मी विसरणार नाही.

ते निळं पातं मी टाकलं नाही. टोक कापून अर्धा इंच आखूड केलं, नव्या मशीनवर पुन्हा उतार काढला, एक फेरी, एक बुडी. काल रात्री टोकावर कानस फिरवली. घसरली. त्याला आता मूठ बसवायची आहे आणि ती सुरी मामींसाठी आहे. मागे त्या म्हणाल्या होत्या की सकाळी बोटं आखडतात, बारीक मूठ धरवत नाही. म्हणून जाड ठेवतेय. बाभळीची चालेल की शिसवाची हवी, तेवढं त्यांना विचारून ठेवा. रविवारी दहाच्या सुमारास दोन्ही तुकडे घेऊन येते, त्यांच्या हातात धरून बघू.

तुमची,
बँकेतली पोर