खडक कुणाचा, हे न विचारता जिंकलेला दावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दक्षिण चीन समुद्राची बातमी आपल्याकडे बहुतेक वेळा 'चीन विरुद्ध अमेरिका' म्हणूनच छापून येते. ज्याच्या दारातला हा समुद्र, तो फिलिपिन्स बातमीच्या तळाशी असतो. मला हे फार खटकतं. बोटीवरच्या नोकरीत माझी कितीतरी वर्षं फिलिपिनो सोबत्यांबरोबर गेली. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरच्या सांबालेस प्रांताचा. एकदा त्याने चार्टवर स्कारबरो शोल या समुद्रातल्या खडकांवर अंगठा टेकवला आणि म्हणाला, "माझा बाप इथे मासे मारायचा. आता भाऊ जातो, तर हाकलून लावतात."

हे खडक लुझोनपासून साधारण 120 सागरी मैलांवर. 2012 मध्ये चिनी गस्ती जहाजांनी तिथे ठाण मांडलं. त्यांच्यापुढे फिलिपिन्सचं नौदल किती पुरं पडणार? मनिलाने, म्हणजे फिलिपिन्स सरकारने, 22 जानेवारी 2013 रोजी लवादाकडे दावा लावला. त्या दाव्याची मांडणी मला आजही थक्क करते. खडक कुणाच्या मालकीचे, हे त्यांनी विचारलंच नाही. सागरी कायद्याखालच्या लवादाला मालकी ठरवता येत नाही आणि सीमा आखण्याच्या वादातून चीनने 2006 मध्येच अंग काढून घेतलेलं. म्हणून त्यांनी मुख्यतः हे विचारलं, की नकाशावर नऊ तुकड्यांची रेघ ओढून जवळजवळ अख्ख्या समुद्रावर हक्क सांगायला चीनला संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या 1982 च्या करारात आधार आहे का? चीन सुनावणीला फिरकलाच नाही. 12 जुलै 2016 रोजी हेगहून निकाल आला, आधार नाही. स्कारबरोवर पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणाऱ्यांना अडवणं बेकायदा, हेही लवादाने लिहून दिलं.

निकाल बजावायला पोलीस नव्हते, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी सुरुवातीची वर्षं तो बासनात बांधून ठेवला. 2023 पासून मात्र त्यांच्यानंतरच्या मार्कोस सरकारने तटरक्षक बोटींवर पत्रकारांना नेलं आणि चिनी जहाजांनी त्यांच्यावर मारलेले पाण्याचे फवारे जगाने पाहिले. सेकंड थॉमस शोल या दुसऱ्या वादग्रस्त खडकावर फिलिपिन्सने 1999 मध्ये मुद्दाम रुतवलेलं एक गंजकं जहाज आहे, त्यावर त्यांचे मूठभर सैनिक राहतात. 17 जून 2024 रोजी त्यांची रसद नेताना चिनी तटरक्षकांशी झालेल्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. तरी मनिलाने गोळी झाडली नाही. पुढच्याच महिन्यात चीनशी बोलून रसदीपुरता तात्पुरता समझोता केला. याला कुणी दुबळेपणा म्हणेल, मी म्हणणार नाही.

भारताला यात बोलायचा पुरेपूर अधिकार आहे. 2014 मध्ये बंगालच्या उपसागरातल्या वादग्रस्त 25,602 चौ. किमीपैकी 19,467 चौ. किमी लवादाने बांगलादेशला दिले आणि आपण तो निकाल मान्य केला. जून 2023 मध्ये भारताने 2016 च्या निकालाचं पालन व्हावं असं म्हटलं, एप्रिल 2024 मध्ये ब्रह्मोसही मनिलाला पोहोचलं. पण क्षेपणास्त्राची बातमी पहिल्या पानावर येते आणि निकाल काय होता ते वाचकाला कुणी सांगत नाही. येत्या 12 जुलैला आपण त्या निकालातला मासेमारीचा भाग मराठीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त खलाशी, दाभोळ