मंत्रीमहोदय, आमच्या पालघाटदेवीच्या जागी भोक पाडलं

माननीय मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची वारली बाई. शाळेत भूगोल शिकवते. दिवाळीनंतर इथे आदिवासी पर्यटनाचा महोत्सव झाला. आमच्या पोरांनी तारपा वाजवत आपल्याला मांडवापर्यंत आणलं. मानधन आठ दिवसांत खात्यावर येईल, हे आपण स्वतः माईकवरून सांगितलंत. आज ४१ दिवस झाले. २२ जणांचे, दिवसाला ५०० प्रमाणे तीन दिवसांचे ३३,००० रुपये अजून आलेले नाहीत.

पण पत्र लिहायला बसले ते पैशांसाठी नाही.

माझी मावशी धवलेरी आहे. आमच्यात लग्न ती लावते. सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, कारण त्या चौकात पालघाटदेवी, आमची लग्नाची देवी, बसते. महोत्सवाच्या कंत्राटदाराने मावशीकडून आणि दोघी सवाशिणींकडून तोच चौक प्लायवूडवर ऑइलपेंटने लिहून घेतला. पिठाचे पोपडे निघतात म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पालघाटच्या जागी गोल भोक कापलेलं. पाहुण्यांनी मागून तोंड घालायचं आणि फोटो काढायचा. भोकाच्या कडेला करवतीचा भुसा चिकटला होता, तो मावशीने पदराने पुसला. कुणाला काही बोलली नाही. परवा एका लग्नाचं बोलावणं आलं तर मला विचारते, "आमी लिवलेला चौक देवीला आता चालंल का गं?" मी काय उत्तर देऊ?

चित्रं विकायला आमची कधीच हरकत नव्हती. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच कला कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आज कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटते. पण कागदावर काय न्यायचं आणि भिंतीवर काय ठेवायचं, हे आम्ही ठरवत होतो.

पेरू देशात तितिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथले केचुआ पुरुष स्वतः टोप्या विणतात. पाहुणे यायला लागले तेव्हा होड्या बेटकऱ्यांच्या होत्या आणि पाहुण्यांना ते पाळीपाळीने घरी उतरवून घेत. १९९० नंतर सरकारने हा धंदा सगळ्यांना खुला केला आणि पुनो शहरातल्या एजन्सींनी तो हातातून नेला. पुढे २००५ मध्ये युनेस्कोने त्यांच्या विणकामाचा गौरव केला, पण होड्या एजन्सींकडेच राहिल्या. आम्हालाही २०१४ मध्ये वारली चित्रांचं भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते हातात धरून आम्ही त्या भोकासमोर उभे होतो.

आदिवासी भागांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने आमच्या रूढी आणि आमची ओळख जपायचा अधिकार ग्रामसभेला दिला. महोत्सवाआधी आमच्या ग्रामसभेला एका शब्दाने विचारलं नाही. तुम्हा लोकांना आम्ही आठवतो ते एकतर नाचायला, नाहीतर मरताना. १९९२ ला आमच्याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं कुपोषणाने गेली, तेव्हाही गाड्यांची रांग लागली होती. आजही भात झोडून झालं की अर्धा पाडा जगायला जातो. महोत्सवाच्या पत्रकावर ज्या मुलीचा फोटो छापला, ती माझ्या वर्गातली. ती आता आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर आहे. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी रोज गैरहजर लिहिते.

पैसे द्या. इथून पुढे ग्रामसभेच्या ठरावाशिवाय आमचा देव कुठल्याही मांडवात नेऊ नका. आणि तो प्लायवूड ज्या गोदामात पडला असेल तिथून शोधून मावशीकडे परत पाठवा. टेम्पोचं भाडं आम्ही भरू.

आपली,
जव्हारची एक शिक्षिका