पोट साफ होण्याचा प्रश्न ताटातला आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बद्धकोष्ठतेवर लेख आला, हे फार बरं झालं. घरात कुणी या विषयावर मोकळेपणी बोलत नाही. पण लेखात उपाय म्हणून चूर्णं आणि काढ्यांचीच भरती होती. मी बार्शीत बरीच वर्षं औषधाचं दुकान चालवतो, म्हणून हे लिहितो आहे.

रात्री शटर ओढायच्या बेताला 'पोट साफ व्हायचं चूर्ण द्या' म्हणत गिऱ्हाईक हमखास येतं. पूर्वी असे लोक साठी उलटलेले असत, आता कॉलेजची पोरंही येतात. यातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. तिच्यामुळे आतडं जोरानं आकुंचन पावतं आणि सकाळी मोकळं वाटतं. एखाद्या वेळी घेतली तर बिघडत नाही. पण कुणाला न विचारता वर्षानुवर्षं रोज घेणारे आहेत आणि एका चमच्याचे दोन चमचे कधी झाले, हे त्यांनाही सांगता येत नाही. दिवसभरात काय खाल्लं विचारलं, तर सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री नूडल्स. मालदांडी ज्वारीच्या मुलखात भाकरी आठवड्यातून एखादवेळी!

लेखात आतड्यात राहणाऱ्या जंतूंचा उल्लेखच नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटलं. मळ म्हणजे न पचलेलं अन्न असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातलं पाणी वगळलं, तर उरतं त्याचा निम्म्याच्या आसपास भाग जंतूंचाच असतो. ज्वारी, कडधान्यं, पालेभाज्या यांतला चोथा लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जंतू त्यावर जगतात, वाढतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना मुख्य इंधन मिळतं ते या ब्युटिरेटमधून. चोथाच पोहोचला नाही तर मळ कमी बनतो, तो हळू सरकतो आणि अस्तराचीही उपासमार होते.

डेनिस बर्किट या सर्जननं युगांडात बरीच वर्षं काम केलं. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली मांडलेल्या मोजमापात तिथल्या खेडुतांचा रोजचा मळ ४०० ग्रॅमच्या वर होता आणि अन्न साधारण दीड दिवसात बाहेर पडत होतं. पांढरा पाव खाणाऱ्या ब्रिटिश नौसैनिकांत मळ १०० ग्रॅमच्या आसपास आणि वेळ तीन दिवसांहून जास्त. आपल्याकडे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २००० कॅलरींमागे सुमारे ३० ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, खायला सांगते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच मैद्यात जेमतेम पावणेतीन. गव्हाचं पीठ न चाळता घेतलं तर तेही ज्वारीच्या बरोबरीचं आहे. कोंडा काढून टाकायची सवय तेवढी सोडायला हवी.

'मटकी-हुलगे खाल्ले की गॅस होतो' ही तक्रार खरी आहे. जंतू कामाला लागले की वायू होणारच. कडधान्यं भिजवून, मोड आणून, सुरुवातीला थोडी थोडी खावीत, बहुतेकांना हळूहळू सवय होते. इसबगोलानं शौचाला सोपं जातं, पण जंतूंना त्यातून फारसं खायला मिळत नाही, त्यामुळे ते भाकरी-उसळीची जागा घेऊ शकत नाही. जुलाब लागले की चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्यांनाही मी परत पाठवतो. ती गोळी चांगल्या जंतूंनाही मारते. बहुतेक वेळा गरज असते ती ओआरएसची.

बायकांची अडचण आणखी वेगळी. दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबून हळूच औषध मागणाऱ्या कितीतरी जणी आहेत. कुणी मजुरीला जाते, कुणी बाजारपेठेतल्या दुकानात उभी असते. दिवसभर जायला जागा नाही म्हणून त्या पाणी पीत नाहीत, शौचाला लागली तरी दाबून धरतात. मळ आत जितका रेंगाळतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. मग फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर), मूळव्याध. अशा बाईला 'भाकरी खा, भरपूर पाणी प्या' एवढं सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. बाजारात, स्टँडवर, प्रत्येक शाळेत पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. आपल्या बातमीदारांनी याचा पाठपुरावा करावा, ही माझी मनापासून विनंती आहे.

यापुढे या विषयावर काही छापाल तेव्हा सोबत एक चौकट जरूर द्यावी : शौचावाटे रक्त जात असेल, कारण नसताना वजन घटत असेल किंवा पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर चूर्ण घेत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

आपला,
एक औषधविक्रेता, बार्शी (जि. सोलापूर)