मिलवॉकीच्या उपनगरात घर बघणाऱ्यांनी हेही वाचावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत अमेरिकेत नोकरीला जाणाऱ्या मुलांनी घर कुठे बघावं यावर लेख आला होता. माझ्या आईने सांगलीहून त्याचा फोटो काढून मला पाठवला, कारण त्यात आमच्या मिलवॉकीचं नाव होतं. शाळांचं रेटिंग, प्रॉपर्टी टॅक्स, बर्फ काढायची सोय हे सगळं लेखकाने नीट लिहिलंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शहरातल्या काळ्यांच्या वस्त्यांपासून लांब पश्चिमेकडच्या उपनगरांत घर घ्यावं, तिथे आपल्यासारखी शिकलेली माणसं राहतात, अशा अर्थाचं जे एक वाक्य होतं त्याने मला दोन दिवस झोप आली नाही. मी १४ वर्षं त्याच पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते आणि रोज कामाला शहरात, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाते, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजून लिहितेय.

२०२० च्या जनगणनेत मिलवॉकी शहराची लोकसंख्या साधारण पावणेसहा लाख होती आणि त्यात काळे लोक शंभरात जवळपास ३९. शहर ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे तिला अगदी लागून वॉकेशा काउंटी आहे, लोकसंख्या चार लाख, तिथे काळ्या लोकांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. मध्ये ना नदी ना डोंगर, हायवेने वीस मिनिटं लागतात. देशातल्या सगळ्यात जास्त वंशानुसार विभागलेल्या शहरी भागांच्या यादीत मिलवॉकी वर्षानुवर्षं वरच असतं. मी नवीन आले तेव्हा मला वाटायचं की असेल बाबा, लोकांना आपापल्या लोकांत राहायला आवडतं, आपल्याकडेही असतंच की. कुणी सांगितलंच नाही की हे ठरवून, कागदावर सही करून केलेलं आहे.

शहराला चिकटून वॉवाटोसा म्हणून देखणं उपनगर आहे, आपल्या बऱ्याच मराठी कुटुंबांचं आवडतं. तिथल्या वॉशिंग्टन हायलँड्स नावाच्या वसाहतीच्या १९१९ च्या जमिनीच्या कागदातच अट होती की गोऱ्या वंशाखेरीज कुणीही इथे जागा विकत घ्यायची नाही, भाड्याने घ्यायची नाही, राहायचं नाही. घरकामाला ठेवलेले नोकर चालतील, तेवढी सूट. आणि हे काही एका वसाहतीपुरतं नव्हतं, मिलवॉकी काउंटीतल्या १८ पैकी १६ उपनगरांत असे करार सापडलेत. आता विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी कॅम्पसवरचे लोक जुने दस्त एकेक करून वाचतायत आणि नकाशावर मांडतायत.

ही अट फक्त काळ्यांसाठी होती असं आपल्याला वाटतं, पण ते खरं नाही! गोऱ्या वंशाखेरीज म्हणजे त्यात आपणही आलो. भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी माणसाला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्येच सांगितलं होतं की भारतीय माणूस कायद्याने गोरा धरता येणार नाही, नागरिकत्व मिळणार नाही. म्हणजे त्या काळी माझे आजोबा इथे डॉक्टर म्हणून जरी आले असते तरी त्या वसाहतीत स्वयंपाकी म्हणूनच राहू शकले असते. ज्या सुंदर दगडी घरांसमोर उभं राहून आपण दिवाळीचे फोटो काढतो ना, त्यांचे जुने कागद एकदा वाचावेत.

१९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असे करार कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत. पण कोर्टाने सांगून शेजारी थोडेच बदलतात. १९५५ मध्ये झेडी हायलर या काळ्या माणसाला वॉवाटोसात घर बांधायचं होतं, तर त्याला प्लॉट कुणी विकेना, शेवटी त्याच्या एका गोऱ्या मित्राने स्वतःच्या नावावर प्लॉट घेतला आणि मग हायलरच्या नावावर केला. घराचा सांगाडा उभा राहिला तर लोकांनी येऊन मोडतोड केली. त्याने तरीही बांधलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच राहिला. मी ते घर बाहेरून बघून आले, साधं घर आहे, अंगण वगैरे, काहीही विशेष नाही, आणि तिथे गाडीत बसून मला रडू आलं.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः पत्र लिहिलं ते सांगते. व्हेल फिलिप्स या मिलवॉकीच्या नगरपरिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या बाई आणि पहिल्या काळ्या सदस्य, १९५६ च्या. त्यांनी १९६२ मध्ये ठराव मांडला की घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश बघायचा नाही. मतदान झालं, १८ विरुद्ध १, आणि तो एक म्हणजे त्या स्वतः. पुन्हा मांडला, पुन्हा तेच. असं चार वेळा. १८ माणसं समोर बसलेली असताना चार वेळा एकटीने हात वर करायचा, मला तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा करताना घाम फुटतो.

मग १९६७ च्या २८ ऑगस्टला काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या युथ कौन्सिलची पोरं आणि जेम्स ग्रोपी नावाचे कॅथलिक पाद्री सोळाव्या रस्त्याचा पूल ओलांडून साउथ साइडला निघाले. या पुलाबद्दल तेव्हा गावात म्हणायचे की हा जगातला सगळ्यात लांब पूल, आफ्रिकेपासून पोलंडपर्यंत जातो, कारण उत्तरेला काळी वस्ती आणि दक्षिणेला पोलिश लोकांची. ग्रोपी स्वतः त्या दक्षिणेकडचेच, इटालियन किराणा दुकानदाराचा मुलगा, म्हणजे आपल्याच माणसांच्या शिव्या खायला निघाले होते. पलीकडे हजारो गोरे लोक दगड, बाटल्या घेऊन उभे. दुसऱ्या रात्री पोरांचं ऑफिस असलेलं फ्रीडम हाउस जळालं. तरी ती दुसऱ्या दिवशी परत चालली, तिसऱ्या दिवशी परत, विस्कॉन्सिनची थंडी आली, मायनसमध्ये तापमान गेलं, तरी चालत राहिली, सलग २०० रात्री. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईंची आई त्यात होती, तेव्हा शाळेत जायची. त्या सांगतात की आईचे मोजे रोज रात्री भट्टीजवळ वाळत घातलेले असायचे, सकाळी तेच घालून शाळेत.

तेव्हाचे मेयर हेन्री मायर म्हणायचे की नुसत्या शहरापुरता कायदा केला तर गोरे लोक उपनगरांत पळतील, उपनगरांनी आधी करावा. अर्थात उपनगरांना कसली घाई होती. शेवटी मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिल १९६८ ला खून झाला, ११ एप्रिलला घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध केंद्राचा कायदा झाला आणि त्याच महिन्याच्या शेवटी मिलवॉकीने आपला कायदा केला.

आता तारखा जुळवून बघा. आपल्या लोकांसाठी अमेरिकेचा दरवाजा उघडला १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, तोही नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यातूनच आला. घराचा कायदा झाला १९६८ ला. म्हणजे आपले काका-मामा सूटकेस घेऊन उतरले आणि त्यांना हवं तिथे घर मागता आलं, ते त्या पोरांनी दगड खाल्ले म्हणून. आणि आपण त्यांच्याच नातवंडांपासून लांब राहा असं पुरवणीत छापतोय. मला हे फार लागलं.

कोणी म्हणेल हे जुनं झालं. मग न्यू बर्लिनचं ऐका, तेही वॉकेशा काउंटीतलंच उपनगर. २०१० मध्ये तिथे परवडणाऱ्या भाड्याच्या फ्लॅट्सच्या योजनेला आधी मंजुरी मिळाली, लोकांनी आरडाओरडा केला आणि मग तीच योजना नाकारली. केंद्राच्या न्याय खात्याने २०११ मध्ये न्यू बर्लिनवर वांशिक भेदभावाचा खटला भरला आणि २०१२ मध्ये तडजोड झाली. आता कागदावर वंश कुणी लिहीत नाही हो, आता प्लॉट एवढा मोठाच पाहिजे, अपार्टमेंट नको, ट्रॅफिक वाढेल, शाळेवर लोड येईल असं लिहितात. शहरातली बस लांबपर्यंत येत नाही, त्यामुळे इकडच्या गोदामांत, दवाखान्यांत कामं आहेत आणि माणसं तिकडे अडकलेली. नर्सिंग असिस्टंट, शाळेचे बसड्रायव्हर, आपल्या आईवडिलांची काळजी घ्यायला येणाऱ्या बायका, यांनी राहायचं कुठे?

आमच्या गावातही सध्या असाच एक प्रस्ताव आलाय, तीन मजली बिल्डिंग, काही फ्लॅट कमी भाड्याचे. आणि त्याच्या विरोधातली पिटिशन मला आपल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. चांगली माणसं आहेत सगळी, माझ्या बाळंतपणात डबे आणून दिलेली, गणपतीला रात्री दोनपर्यंत भांडी घासणारी. पण "सेफ एरिया", "क्राउड कसा असेल" हे शब्द तेच, ज्यांच्यामुळे पुण्या-मुंबईत आपल्याच देशातल्या माणसाला आडनाव ऐकून, डब्यात मटण आहे का विचारून, नाहीतर धर्म बघून फ्लॅट नाकारतात. ते इथे येऊन आपण इंग्रजीत बोलतो एवढंच. मी स्वतःही घर घेताना एजंटला "चांगली शाळा" एवढंच सांगितलं होतं, आणि त्याला काय समजलं हे मला तेव्हाही आतून माहीत होतं. त्याची आता लाज वाटते.

शाळा बघू नका असं मी म्हणत नाही, प्रत्येक आईबाप बघणारच. पण इथल्या शाळांचा पैसा बऱ्याच अंशी घरांच्या टॅक्समधून येतो, आणि कुठली घरं महाग आणि कुठली स्वस्त हे त्या जुन्या करारांनी, नंतरच्या झोनिंगने, म्हणजे कुठे कसली घरं बांधता येतील याच्या नियमांनी, आणि काळ्यांच्या ब्राँझव्हिल या वस्तीमधून हायवे काढून ठरवलेलं आहे, हे पण लेखात यायला हवं होतं.

विनंती एवढीच की लेखकाने ते वाक्य मागे घ्यावं आणि त्यांना जमत असेल तर सोळाव्या रस्त्याच्या पुलावरून एकदा चालून यावं, त्याला आता ग्रोपींचंच नाव दिलंय, मी सोबत येईन. आमच्या गावच्या प्रस्तावावर पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, तीन मिनिटं बोलायला मिळतात, मी नाव दिलंय. तुम्ही हे पत्र छापलंत तर त्याचा फोटो त्या ग्रुपवर टाकणार आहे, निदान दोन-चार जण सही करायच्या आधी वाचतील.

आपली,
एक वाचक
मिलवॉकीजवळ, विस्कॉन्सिन (मूळ सांगली)